कलमांचं साम्राज्य: हवानापासून तारापूरपर्यंत

24 सप्टेंबर 1980 रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक मतदान झालं. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी 38 टन समृद्ध युरेनियम भारताला पाठवायचं की नाही, हा प्रश्न होता. आठवडाभर आधी तिथल्या प्रतिनिधीगृहानं 298 विरुद्ध 98 मतांनी नकार दिला होता. सिनेटनंही तसंच केलं असतं तर कायद्याप्रमाणे इंधन अडलं असतं. सिनेटमध्ये नकाराच्या बाजूनं 46 मतं पडली, विरोधात 48. दोन मतांच्या फरकानं तारापूरचं इंधन सुटलं.

एडवणहून किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला निघालं की मथाणे, केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, मुरबे, नांदगाव, नवापूर, दांडी, उच्छेळी अशी गावं लागतात आणि पुढे घिवलीजवळ अणुशक्ती केंद्र येतं. नारळी-सुरूच्या बागा, मासळी वाळवायच्या वलांडी, खाड्या आणि मिठागरं यांचा हा पट्टा. इथल्या भट्टीत काय जळणार आणि किती वर्षं जळणार, यावर हजारो मैलांवरच्या सिनेटरांनी मत द्यावं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तारापूरचा इतिहास आपण विज्ञानाचा इतिहास म्हणून वाचतो. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा इतिहास म्हणूनही तो तितकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याची सुरुवात तारापूरच्या पायाभरणीच्या सहासष्ट वर्षं आधी, क्युबा आणि फिलिपिन्समध्ये सापडते.

परकी सत्ता कशी दिसते, हे आपल्या किनाऱ्याला नीट माहीत आहे. 1534 च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगीज इथे आले. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर इथले कोट ही त्या सत्तेची खूण. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 साली हे कोट मराठ्यांनी घेतले. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. पण पोर्तुगिजांची खरी पकड तटबंदीपेक्षा एका कागदावर होती. समुद्रात जायचं तर प्रत्येक गलबताकडे त्यांचा ‘कार्ताझ’, म्हणजे परवाना, हवा. परवाना नसलेलं गलबत पकडलं जाई आणि माल जप्त होई. जमीन थोडीच ताब्यात असताना समुद्रभर हुकूम चालवण्याची ती युक्ती होती. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेनं हीच युक्ती वेगळ्या साधनांनी, फार मोठ्या प्रमाणावर वापरली.

1898: एक युद्ध आणि त्याचे दोन निकाल

फेब्रुवारी 1898 मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. क्युबात तेव्हा स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं. अमेरिकी वर्तमानपत्रांनी दोष स्पेनवर टाकला आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. 1 मे रोजी कमोडोर ड्यूईनं मनिलाच्या उपसागरात स्पेनचं आरमार बुडवलं. डिसेंबरात पॅरिसला तह झाला. प्वेर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे गेले. फिलिपिन्सच्या बदल्यात स्पेनला 2 कोटी डॉलर मिळाले. फिलिपिनो लोकांनी आपलं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पण तहाच्या टेबलावर त्यांना बसू दिलं नाही.

फिलिपिन्समध्ये जे झालं ते जुन्याच पठडीतलं साम्राज्य होतं. 1899 ते 1902 या काळात तिथे अमेरिकी फौज आणि फिलिपिनो नेता एमिलिओ आगिनाल्दोचे सैनिक यांच्यात युद्ध चाललं. लढाई, दुष्काळ आणि पटकी यांत दोन लाखांच्या आसपास सामान्य माणसं गेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. या युद्धाला अमेरिकेतूनही कडाडून विरोध झाला. ‘अँटी-इम्पीरियलिस्ट लीग’ नावाची संघटना उभी राहिली आणि लेखक मार्क ट्वेन तिचा उपाध्यक्ष झाला. 1896 च्या जानेवारीत हाच ट्वेन मुंबईत येऊन इंग्रजांचं राज्य जवळून पाहून गेला होता. पॅरिसच्या तहाला सिनेटनं 57 विरुद्ध 27 मतांनी मंजुरी दिली. लागणाऱ्या दोन-तृतीयांशापेक्षा अवघं एक मत जास्त.

क्युबाबाबत मात्र अमेरिकेनं आपले हात स्वतःच बांधून घेतले होते. आपण क्युबा गिळणार नाही, असं वचन युद्धाआधीच काँग्रेसनं ठरावानं दिलेलं होतं. वचन मोडायचं नव्हतं आणि ताबाही सोडायचा नव्हता. यातून 1901 साली ‘प्लॅट दुरुस्ती’ निघाली. क्युबानं आपल्या स्वातंत्र्याला बाध येईल असा तह कुणाशीही करू नये, झेपेल त्यापेक्षा जास्त कर्ज काढू नये, अमेरिकी आरमाराला कोळशाचे तळ द्यावेत आणि गरज पडली तर अमेरिकेचा हस्तक्षेपाचा हक्क मान्य करावा, अशी त्यातली कलमं. ही कलमं क्युबाच्या स्वतःच्या संविधानात घातली जाईपर्यंत अमेरिकी फौज हलणार नव्हती. क्युबाच्या घटनासमितीनं ती 16 विरुद्ध 11 मतांनी स्वीकारली.

1902 साली क्युबाचा झेंडा चढला, राष्ट्राध्यक्ष आला, संसद आली. 1906 मध्ये हस्तक्षेपाच्या कलमाचा आधार घेऊन अमेरिकी फौज परत आली आणि 1909 पर्यंत राहिली. ग्वांतानामोचा तळ 1903 साली वर्षाला 2000 सोन्याच्या डॉलरांच्या भाड्यानं घेतला गेला. प्लॅट दुरुस्ती 1934 मध्ये रद्द झाली तरी तळ आजही अमेरिकेकडेच आहे, कारण दोन्ही पक्ष कबूल झाल्याशिवाय किंवा अमेरिकेनं स्वतः सोडल्याशिवाय भाडेपट्टा संपत नाही, असं कलम 1934 च्याच नव्या तहात आहे. क्रांतीनंतरचं क्युबाचं सरकार भाड्याचे धनादेश वठवत नाही. तरीही पट्टा चालूच.

कालवा, जकात आणि बँक

प्लॅट दुरुस्तीतून अमेरिकी राज्यकर्त्यांना कळलं की दुसऱ्याच्या देशात आपला गव्हर्नर बसवण्याचा खर्च आणि बदनामी टाळता येते. त्या देशाची एखादी नाडी हातात आली की पुरतं. पुढच्या तीस वर्षांत ही नाडी देशागणिक बदलत गेली.

पनामात ती जमिनीची होती. कालव्यासाठीचा करार कोलंबियाच्या सिनेटनं फेटाळला. नोव्हेंबर 1903 मध्ये पनामा कोलंबियापासून फुटला. कोलंबियाच्या फौजेला रोखायला अमेरिकी युद्धनौका हजर होत्या. पंधरा दिवसांत करार झाला. पनामाच्या वतीनं त्यावर सही केली ती फिलिप ब्युनो-वारिया या फ्रेंच माणसानं. 1 कोटी डॉलर रोख आणि वर्षाला अडीच लाख, या बदल्यात दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेला ‘कायमचा’ मिळाला. कालवा 1914 मध्ये सुरू झाला.

डोमिनिकन प्रजासत्ताकात नाडी जकातीची होती. या देशाचं युरोपी सावकारांचं कर्ज थकलं होतं. वसुलीसाठी युरोपी आरमारं येतील, या सबबीवर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं 1904 च्या डिसेंबरात जाहीर केलं की या भागातल्या बेशिस्त देशांवर पोलिसी हक्क बजावणं अमेरिकेला भाग पडू शकतं. दुसऱ्याच वर्षी डोमिनिकन बंदरांवरची जकात अमेरिकी अधिकारी गोळा करू लागले. शंभरातले 45 स्थानिक सरकारला आणि 55 सावकारांसाठी, अशी वाटणी होती. देशाचं बहुतेक उत्पन्न जकातीतूनच येत असे. त्यामुळे कोणतं सरकार टिकेल आणि कोणतं नाही, याचा निर्णय जकातनाक्यावर होऊ लागला.

रूझवेल्टनंतरच्या टाफ्ट सरकारनं (1909 ते 1913) याला ‘डॉलर राजनीती’ हे नाव दिलं. गोळ्यांऐवजी डॉलर वापरायचे, असं टाफ्टनं काँग्रेसपुढे अभिमानानं सांगितलं. प्रत्यक्षात डॉलरांच्या मागून गोळ्याही येत. निकाराग्वाची बँक आणि रेल्वे न्यूयॉर्कच्या सावकारांच्या हाती गेली आणि 1912 साली तिथे अमेरिकी मरीन सैनिक उतरले. मधला थोडा काळ वगळता ते 1933 पर्यंत तिथेच होते. हैतीत 1914 च्या डिसेंबरात मरीन सैनिकांनी राष्ट्रीय बँकेतलं 5 लाख डॉलरांचं सोनं बोटीवर चढवून न्यूयॉर्कला नेलं. 1915 च्या जुलैत फौज उतरली आणि 1934 पर्यंत राहिली. परक्यांना हैतीत जमीन घेता येणार नाही ही तिथली जुनी तरतूद होती. गुलामांनी बंड करून मिळवलेल्या स्वातंत्र्याचा तो गाभा होता. फौजेच्या छायेखाली 1918 मध्ये केलेल्या नव्या संविधानात तो काढून टाकला गेला.

या मोहिमांत तीस वर्षं काढलेला मरीन अधिकारी स्मेडली बटलर यानं निवृत्तीनंतर उघड कबूल केलं की आपण भांडवलदारांसाठी दांडगाई करत होतो. त्याची कबुली प्रामाणिक होती, पण चित्र त्याहून गुंतागुंतीचं होतं. सावकारांना नफा हवा होता, आरमाराला तळ हवे होते आणि वॉशिंग्टनमधल्या अनेकांना मनापासून वाटत होतं की आपण या देशांना शिस्त लावतो आहोत. हेतू वेगवेगळे असले तरी हत्यार एकच होतं: करार आणि त्यात आधीच घालून ठेवलेलं, वेळ आली की ओढायचं कलम.

टिळकांचं पत्र आणि विल्सनचं उत्तर

या काळात अमेरिकेकडे आशेनं पाहणाऱ्यांत मराठी माणसंही होती. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शिकायला अमेरिकेत गेले आणि गदर चळवळीत शिरले. वॉशिंग्टन-लिंकनच्या देशात बसून इंग्रजांविरुद्ध उठाव रचता येईल, असा त्यांचा विश्वास होता. पिंगळे हिंदुस्थानात परतले, मेरठला पकडले गेले आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर फाशी गेले. 1917 च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं कायदा करून हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्या मजुरांना दार बंद केलं. एप्रिलमध्ये ती इंग्लंडच्या बाजूनं महायुद्धात उतरली आणि वर्षअखेर सॅन फ्रान्सिस्कोत हिंदी क्रांतिकारकांवरच खटला उभा राहिला. खानखोजे पुढे मेक्सिकोत गेले. तिथल्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर मोलाचं काम करून त्यांनी नाव मिळवलं आणि तिथला थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं.

जानेवारी 1918 मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सननं चौदा कलमी कार्यक्रम मांडला आणि त्यापाठोपाठ ‘स्वयंनिर्णय’ हा शब्द जगभर गाजला. त्या वर्षाच्या अखेरीस लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनला गेले. महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसनं त्यांना प्रतिनिधी म्हणून निवडलं, पण इंग्रज सरकारनं त्यांना पॅरिसला जाऊ दिलं नाही. म्हणून 1919 च्या आरंभी टिळकांनी विल्सनला पत्र लिहून हिंदुस्थानचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. विल्सनच्या सचिवाकडून उत्तर आलं: हा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकारी विचारात घेतील. ती योग्य वेळ पॅरिसमध्ये आली नाही.

ज्या विल्सनला टिळकांनी पत्र लिहिलं, त्याच विल्सनच्या हुकमानं 1914 मध्ये मेक्सिकोचं व्हेराक्रूझ बंदर व्यापलं गेलं, 1915 मध्ये हैती आणि 1916 मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताक. टिळकांना अमेरिकेबद्दल भाबडेपणा होता, असा याचा अर्थ लावू नये. जगातल्या मोठ्या सत्तेनं एक तत्त्व तोंडानं उच्चारलं की ते तिच्यासमोर धरायचं, हा त्यांचा राजकीय शहाणपणा होता. पण विल्सनच्या तत्त्वाला भूगोल होता. युरोपच्या नकाशावर ते लागू झालं. कॅरिबियन समुद्रात आणि हिंदुस्थानात नाही.

तारापूरचं दुसरं कलम

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या-कारखान्यांना वीज हवी होती आणि कोळशाच्या खाणी दूर, बिहार-बंगालकडे होत्या. डॉ. होमी भाभांनी हिशेब मांडला की पश्चिम किनाऱ्यावर अणुवीज परवडेल. जागतिक निविदांतून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची निवड झाली. बांधकाम बेक्टेलनं केलं. 8 ऑगस्ट 1963 रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. अमेरिकेनं 8 कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं सुमारे 38 कोटी रुपये कर्ज दिलं. व्याज पाऊण टक्का आणि फेडायची मुदत चाळीस वर्षं. 1964 च्या ऑक्टोबरात काम सुरू झालं, 1969 च्या ऑक्टोबरात वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली आणि 19 जानेवारी 1970 रोजी इंदिरा गांधींनी केंद्र देशाला अर्पण केलं. भाभा 1966 मध्येच विमान अपघातात गेले होते. तेव्हा अणुऊर्जा आयोगाची धुरा विक्रम साराभाईंकडे होती. 210 मेगावॉटच्या त्या दोन अणुभट्ट्या देशातल्या व्यापारी अणुविजेची सुरुवात ठरल्या.

नाडी कुठे होती हे समजायला इंधन जवळून पाहावं लागतं. खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या दर हजार अणूंपैकी सातच अणू सहज फुटणाऱ्या, 235 वस्तुमानाच्या जातीचे असतात. तारापूरच्या उकळत्या पाण्याच्या भट्टीला हे प्रमाण दोन ते तीन टक्क्यांपर्यंत वाढवलेलं, म्हणजे समृद्ध केलेलं युरेनियम लागतं. ते करण्याचे अवाढव्य कारखाने तेव्हा फार थोड्या देशांकडे होते. अमेरिकेतून समृद्ध युरेनियम वायुरूप होणाऱ्या संयुगाच्या स्वरूपात हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सला येई. तिथे त्याची पूड, पुडीच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या आणि गोळ्या भरलेल्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्या होत. सहा ओळींत सहा-सहा अशा 36 नळ्यांचं एक जुडगं. प्रत्येक भट्टीत अशी 284 जुडगी. भट्टी चालते तसं त्यातलं फुटणारं युरेनियम संपत जातं आणि ठरावीक काळानं काही जुडगी बदलावी लागतात. बदलायला नवं इंधन नसेल तर भट्टी कमी ताकदीवर चालवायची, नाहीतर थांबवायची.

1963 च्या करारातलं दुसरं कलम याच जागी बोट ठेवतं. तारापूर केंद्र अमेरिकेनं दिलेल्या समृद्ध युरेनियमवरच चालेल, दुसऱ्या कुणाच्या नाही; आणि तीस वर्षं ते पुरवण्याची जबाबदारी अमेरिकेची. सही करताना हे कलम भारताच्या सोयीचं होतं. पुरवठ्याची लेखी हमी मिळाली, असं दिल्लीला वाटलं. त्याच वाक्यात वॉशिंग्टनला दुसरीकडून इंधन आणण्याचा भारताचा मार्ग बंद करता आला. वापरलेलं इंधन पुन्हा प्रक्रियेसाठी घ्यायचं तर तिथेही दोघांची संमती लागणार होती.

18 मे 1974 रोजी पोखरणला स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं. ते तुर्भ्याच्या सायरस भट्टीतलं होतं. कॅनडानं दिलेल्या त्या भट्टीत अमेरिकेचं जड पाणी वापरलं होतं. तारापूरवर आंतरराष्ट्रीय तपासणी होती आणि तिथे कुठलाही नियम मोडलेला नव्हता. पण अमेरिकेच्या हातात ओढण्यासारखी दोरी तारापूरचीच होती. 10 मार्च 1978 रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरनं अण्वस्त्र प्रसारबंदी कायद्यावर सही केली. ज्या देशाच्या सर्वच्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी नाही त्याला ठरावीक सवलतीच्या काळानंतर अणुइंधन द्यायचं नाही, असा तो कायदा. 1963 साली झालेल्या करारावर 1978 सालचा कायदा लागू करण्यात आला. मोरारजी देसाईंच्या सरकारनं सर्व केंद्रांवरची तपासणी साफ नाकारली.

याच कार्टरनं आदल्या वर्षी, सप्टेंबर 1977 मध्ये, कालवा परत देण्याच्या पनामाबरोबरच्या करारावर सही केली होती आणि 31 डिसेंबर 1999 रोजी कालवा पनामाच्या हाती गेला. म्हणजे 1903 चं जुनं कलम सोडणारा राष्ट्राध्यक्ष आणि तारापूरचं नवं कलम आवळणारा राष्ट्राध्यक्ष एकच. कार्टर दुटप्पी होता, असं म्हणून हे सुटत नाही. जमीन ताब्यात ठेवण्याचा काळ संपला, हे त्याला दिसत होतं. तंत्रज्ञानाच्या परवान्यांचा काळ चालूच राहिला.

1980 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अणू नियामक आयोगानं तारापूरचे परवाने एकमतानं नाकारले. कार्टरनं आयोगाचा निर्णय बाजूला ठेवला, कारण अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या होत्या आणि भारताला आणखी दुखवणं त्याला परवडणारं नव्हतं. मग ते सिनेटमधलं मतदान झालं. बोईसरच्या टॅप्स (तारापूर अणुवीज केंद्र) कॉलनीत राहणाऱ्या अभियंत्याच्या कामाचं वेळापत्रक काबूलमधल्या रणगाड्यांवर अवलंबून होतं.

क्युबा आणि तारापूर यांत फरक कोणता

इथे एक सावधगिरी हवी. तारापूर हा क्युबा नव्हे. क्युबाच्या घटनासमितीनं परकी फौज दारात असताना मत दिलं; भारतानं 1963 मध्ये स्वतःच्या मर्जीनं, निविदा मागवून, कर्जाच्या अटी तपासून सही केली. अमेरिकेला आक्षेप होता तो अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्याच्या खऱ्या चिंतेतून. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे भारताकडे पर्याय उभे करण्याची ताकद होती. कलम जितकं जाचक, तितकंच ते समोरच्याच्या असहायतेवर जगतं.

ते पर्याय एकेक करून उभे राहिले. 1982 च्या जुलैत इंदिरा गांधी आणि रोनाल्ड रेगन यांच्या भेटीत तोडगा निघाला: करार तसाच राहील, पण इंधन फ्रान्स देईल. 1993 मध्ये करार संपला तेव्हा फ्रान्सनंही हात आखडला. मग 1995 मध्ये चीननं आणि 2001 मध्ये रशियानं इंधन दिलं. दरम्यान भाभा अणुसंशोधन केंद्रानं प्लुटोनियम मिसळलेलं देशी इंधन तयार करून तारापूरच्या भट्टीत वापरून दाखवलं. दुसरीकडे नैसर्गिक युरेनियमवर आणि जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांचा मार्ग भारतानं आधीच धरला होता. तारापूरचं तिसरं आणि चौथं युनिट याच मार्गाचं. प्रत्येकी 540 मेगावॉटची ही युनिटं देशातच आखली आणि बांधली गेली आणि 2005-06 मध्ये सुरू झाली.

जुलै 2005 मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी काढलेल्या संयुक्त निवेदनात तारापूरच्या इंधनाचा नाव घेऊन उल्लेख आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये नवा अणुकरार झाला. त्या वाटाघाटींत पुरवठा खंडित झाल्यास काय करायचं, यावर भारतानं अडून बसून लेखी तरतुदी घेतल्या. तो आग्रह कुठून आला, हे तारापूर माहीत असणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

उरलेला हिशेब

या सगळ्या वाटाघाटींत एक प्रश्न मागेच पडला. अमेरिकी युरेनियम भट्टीतून निघाल्यावर ते तीव्र किरणोत्सारी होतं. ते अमेरिकेनं परत नेलं नाही आणि त्यावर प्रक्रिया करायलाही मोकळी संमती दिली नाही. त्यामुळे ते तारापूरलाच साठत गेलं आणि त्यासाठी जादा साठवणीची सोय करावी लागली. कराराच्या भाषेत हा ‘संमतीचा मुद्दा’ होता. घिवली-दांडीच्या माणसांसाठी तो शेजाऱ्याच्या आवारातला साठा होता.

देशी युनिटांची किंमतही किनाऱ्यानंच दिली. तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. समुद्रालगतच्या गावाला किनाऱ्यापासून हलवायचं म्हणजे घराबरोबर होडीची जागा, मासळी सुकवायची जागा आणि रोजचा बाजार, सगळंच तोडायचं. पुनर्वसन आणि नोकऱ्यांसाठी प्रकल्पग्रस्तांना वर्षानुवर्षं आंदोलन करावं लागलं, उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. हे अमेरिकेनं केलेलं नाही. परकी कलम वाचायला जितकी दक्षता लागते तितकीच आपल्याच सरकारचा भूसंपादनाचा कागद वाचायलाही लागते, हे इथल्या लोकांनी सोसून शिकलेलं आहे.

साम्राज्य म्हटलं की आपल्याला अजून कोट, फौज आणि झेंडा आठवतो. गेल्या सव्वाशे वर्षांत ते जकातीच्या वाटणीत, कर्जाच्या अटीत, इंधनाच्या परवान्यात आणि आता तंत्रज्ञानाच्या निर्यातबंदीत दिसतं. अमेरिकेनं ही रीत रुजवली. आज इतरही मोठ्या सत्ता बंदरांच्या आणि महामार्गांच्या कर्जांतून ती वापरतात. त्यावर उपाय करार न करणं हा नाही. करार केल्याशिवाय तारापूर झालं नसतं आणि तिथे घडलेल्या अभियंत्यांची पिढीही घडली नसती.

उपाय आहे तो सहीच्या आधी चार प्रश्न विचारण्याचा. हे काम थांबवण्याचा अधिकार कुणाच्या हाती राहतो? ज्याच्यावाचून अडेल ती वस्तू दुसरीकडून आणायची मोकळीक आहे का? एका देशाचा कायदा उद्या बदलला तर जुना करार कुणाचं ऐकणार? आणि काम संपल्यावर उरलेलं कुणाच्या अंगणात राहणार? पालघर जिल्ह्यात आज मोठमोठे प्रकल्प येत आहेत आणि त्यांमागे देशी-परदेशी कर्जं आणि करार आहेत. त्यांतली जनतेपुढे ठेवता येण्याजोगी प्रत्येक अट मराठीत छापून ग्रामसभेपुढे आली पाहिजे, ही मागणी वसई-विरारपासून डहाणू-झाईपर्यंतच्या प्रत्येक गावानं लावून धरली पाहिजे. तारापूरचं दुसरं कलम 1963 साली मूठभर लोकांनी वाचलं होतं, आणि त्याचा भार तीस वर्षं सगळ्यांनी उचलला.